हाँगकाँग ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दोन शहरांमधील अंतर विचारलें म्हणजे विद्यार्थी नकाशावर फूटपट्टी ठेवून मोकळा होतो. परंतु विमानास लागणारा वेळ फूटपट्टीनें कळत नाहीं. हाँगकाँग व टोकियो हीं शहरें घ्या. त्यांमधील सरळ हवाई अंतर सुमारें २,९०० किलोमीटर आहे. जातांना तेवढेंच, येतांनाही तेवढेंच.

हिवाळ्यांतील प्रवासाचें एक स्थूल उदाहरण पाहूं. हाँगकाँगहून सकाळीं ९ वाजतां निघालेलें विमान टोकियोस दुपारीं २ वाजतां उतरतें; टोकियोहून सकाळीं ९ वाजतां निघालेलें हाँगकाँगास दुपारीं १ वाजतां पोंचतें. वजाबाकी करणारा म्हणेल कीं, जाण्यास ५ तास व येण्यास ४. हें उत्तर साफ उलटें आहे! तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते, आणि टोकियोचें घड्याळ हाँगकाँगच्या एक तास पुढें आहे. म्हणून जाण्यास ४ तास लागले व येण्यास ५. विमानतळावर आप्तांस आणावयास जाणाऱ्या वडील मंडळींनींही हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

हा एक तास कोठून आला? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जपानची प्रमाणवेळ आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखांशाची, हाँगकाँगची १२० अंशांची. फरक १५ अंश, म्हणजे नेमका एक तास.

आतां खरा प्रश्न. वाट एकच असतां येण्यास अधिक वेळ कां? याचें उत्तर वाऱ्यांत आहे. जपानवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यांत पश्चिमेकडून ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा वाहतो; यास जेट प्रवाह म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानें टोकियोजवळील तातेनो वेधशाळेंतून फुगे सोडून हा वारा मोजला व १९२६ सालीं आपला वृत्तांत एस्पेरांतो भाषेंत प्रसिद्ध केला. जगानें वाचावा म्हणून ही आंतरराष्ट्रीय भाषा निवडली. पण ती जाणणारेच थोडे, त्यामुळें परदेशांत त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९४४ सालीं टोकियोवर आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना या वाऱ्यानें बेजार केलें, तेव्हां त्याचें बळ त्यांस कळलें.

कित्येकांस वाटतें कीं, जातांना वाचलेला वेळ येतांना खर्च होऊन हिशेब फिटत असेल. तसें होत नाहीं. विमानाचा स्वतःचा वेग ताशीं ८०० किलोमीटर व वाऱ्याचें साह्य १०० धरूं. (वारा वाटेशीं तिरकस असल्यानें त्याचा सर्व जोर उपयोगीं पडत नाहीं.) चढणें-उतरणें सोडून, जातांना ९०० च्या वेगानें ३ तास १३ मिनिटें लागतील, येतांना ७०० च्या वेगानें ४ तास ९ मिनिटें, एकूण ७ तास २२ मिनिटें. वारा मुळींच नसता तर एकूण ७ तास १५ मिनिटें पुरतीं. कारण उघड आहे : विरुद्ध वाऱ्यांत विमान अधिक काळ अडकून राहतें.

वाऱ्याचा वेग २०० धरून हाच हिशेब घरीं करून पाहा. सात मिनिटांच्या जागीं किती येतात तें वहींत लिहा.