बालकांच्या दृष्टिदोषांची यंत्राद्वारे चाचणी : निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावा?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यकांची योजना असल्याने अंगणवाडीतील व शाळेतील बालकांचे नेत्र प्रथम पाहण्याचे दायित्व अनेकदा बी.ए.एम.एस. पदवीधरांवर येते. चरकाचार्यांनी औषधयोजनेच्या आधी रोगपरीक्षेला स्थान दिले आहे. म्हणूनच स्नेलेनच्या तक्त्याच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या दृष्टिचाचणी यंत्रांचे सामर्थ्य व मर्यादा आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राचे कार्य

फोटोस्क्रीनर सुमारे १ मीटर अंतरावरून दोन्ही नेत्रांत अवरक्त प्रकाश सोडतो. दृष्टिपटलावरून परतलेला प्रकाश बाहुलीत कसा पसरला आहे, यावरून तो चष्म्याच्या क्रमांकाचा अंदाज बांधतो. हातात धरावयाचा ऑटोरिफ्रॅक्टोमीटर बहुधा एकेक नेत्र जवळून मोजतो. अक्षरओळख नसलेल्या बालकातही हे मापन अल्पावधीत होते. दोन्ही नेत्रांच्या क्रमांकांतील तफावत उघड होणे हा याचा विशेष लाभ होय. असे मूल चांगल्या डोळ्याने सर्व व्यवहार करते व तक्रार करीत नाही. दुर्लक्षित डोळा मात्र ‘आळशी’ होत जातो. यावरील उपचार वयाच्या साधारण सातव्या वर्षापूर्वी अधिक फलदायी ठरतात. म्हणजेच निदानातील विलंबाची किंमत बालकाला आयुष्यभर मोजावी लागू शकते.

अचूकतेचे दोन निकष

दोष असलेल्या मुलांपैकी किती मुले चाचणीत सापडली, ही तिची संवेदनक्षमता. आणि निर्दोष मुलांपैकी किती जणांना तिने निर्दोष ठरविले, ही तिची विशिष्टता. अमेरिकेतील ‘व्हिजन इन प्रीस्कूलर्स’ या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३ ते ५ वर्षे वयाच्या २,५८८ बालकांवर ११ चाचण्या करून त्यांची तुलना संपूर्ण नेत्रतपासणीशी करण्यात आली. विशिष्टता ९० टक्के ठेवली असता सर्वांत सरस ठरलेल्या चाचण्यांचीही संवेदनक्षमता ६० टक्क्यांच्या थोडी वर होती. या तपासण्या नेत्रपरीक्षेतील प्रशिक्षित व्यक्तींनी केल्या होत्या, हे ध्यानात घ्यावे. त्यानंतर यंत्रांत सुधारणा झाली. परंतु मूळ प्रश्न संपलेला नाही.

एक काल्पनिक गणित पाहू. १,००० मुलांपैकी ५० मुलांत दोष आहे व यंत्राचे दोन्ही निकष ९० टक्के आहेत. यंत्र ४५ दोषी मुले शोधील, ५ सोडील आणि ९५ निर्दोष मुलांनाही पुढे पाठवील. पाठविलेल्या १४० मुलांपैकी खरी दोषी ४५, म्हणजे सुमारे एकतृतीयांश. रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या पालकास याची कल्पना आधीच दिली, तर त्याचा तपासणीवरील विश्वास टिकेल.

चूक कोठे होते?

बालकाच्या नेत्रातील भिंगाची फुगण्याची शक्ती मोठी असते. यंत्राकडे पाहताना ते फुगले, तर दूरदृष्टिता लपते व निकटदृष्टिता वास्तवापेक्षा अधिक भासते. म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब घालून भिंगाची ही क्रिया तात्पुरती थांबवितात व रेटिनोस्कोपीने क्रमांक निश्चित करतात. शिवाय यंत्र क्रमांकाचा अंदाज सांगते, मूल किती पाहू शकते हे सांगत नाही. दृष्टिपटल वा दृष्टिनाडीचा विकार असूनही यंत्राचा निष्कर्ष ‘सामान्य’ येऊ शकतो.

पथकासाठी सूचना

१. खोलीत मंद प्रकाश असावा. यंत्राचे अंतर अचूक राखावे.
२. पुनःपुन्हा मापन न मिळाल्यास ते ‘सामान्य’ असे नोंदवू नये. बाहुली लहान असणे वा मोतीबिंदू हेही कारण असू शकते. अशा बालकास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.
३. शक्य असेल तेथे एकेक डोळा झाकून तक्त्यावरही परीक्षा करावी.
४. तिरळेपणा, बाहुलीत पांढरी झाक किंवा पालकांची तक्रार असल्यास यंत्राचा निष्कर्ष काहीही असो, बालकास पुढे पाठवावे.
५. यंत्राच्या कागदावरून चष्मा देऊ नये.
६. पाठविलेले मूल नेत्रतज्ज्ञांपर्यंत पोहोचले का, याची नोंद ठेवावी.

उपसंहार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांतील पटलगत तिमिराच्या लक्षणांचा संबंध आपण वक्रीभवन दोषांशी जोडतो. तो अभ्यासाचा विषय अवश्य आहे. परंतु तर्पणादी क्रिया चष्म्याला पर्याय म्हणून सुचवून आळशी डोळ्याच्या बालकाचा उपचारकाल दवडणे वैद्याला शोभणारे नाही. यंत्र ही चाळणी आहे. चाळणीत काय उरले व काय निसटले, हे पाहण्याचे काम मात्र वैद्याच्याच डोळ्यांचे आहे.