नवरा-बायको दोघांनाही एकच लिम्फोमा?

नवऱ्याच्या जठरात 'माल्ट लिम्फोमा' निघाला आणि पुढे बायकोलाही तोच, अशा तुरळक घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. साहजिकच मनात येते, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतो की काय? तसे मुळीच नाही. नवरा-बायकोत रक्ताचे नाते नसल्याने आनुवंशिकतेनेही हे उलगडत नाही. मग दोघांत समान काय? बऱ्याचदा जठरातला एक जंतू: हेलिकोबॅक्टर पायलोरी.

निरोगी जठराच्या अस्तरात लिम्फ पेशींचा साठा नसतो. हा जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला की त्याच्याशी झुंजायला त्या पेशी तेथे जमतात. फार थोड्या लोकांत त्यांतील 'बी' पेशी बेलगाम वाढतात. तोच हा लिम्फोमा. १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती दिली. अँटिबायोटिक्सने जंतू मारल्यावर पाच जणांचा लिम्फोमा दिसेनासा झाला! आजही सुरुवातीच्या टप्प्यात पहिला उपचार हाच, आणि सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना केमोथेरपीची पाळी येत नाही.

आपल्याशी याचा संबंध काय? हा जंतू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, आणि भारतात तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणजे परदेशी येताना आपल्यापैकी अनेकांनी तो नकळत बरोबर आणला आहे. घाबरू नका, बहुतेकांना त्यापासून कॅन्सर होत नाही. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. सततची पोटदुखी, भूक मंदावणे, वजन घटणे, काळे शौचास होणे किंवा रक्त कमी होणे याला 'ॲसिडिटी' म्हणून दुर्लक्षू नका.

२. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत जंतू लपू शकतो. त्या साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी. हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

३. औषधांचा कोर्स, बहुधा चौदा दिवसांचा, अर्धवट सोडू नका. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरोखर गेला का, याची पुन्हा तपासणी करून घ्या.

४. घरात एकाला हा जंतू निघाला, तर जोडीदाराने आपल्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

जोडीदाराच्या पोटाची तक्रार पुढच्या भारतभेटीपर्यंत लांबणीवर टाकू नका. वेळीच केलेली साधी तपासणी पुढची मोठी उपचारयात्रा वाचवू शकते.