एकदेशी दर्शन आणि आचार्यनिष्ठा

दृष्टांतपाठातील जात्यंधांचा हत्ती सर्व अभ्यासकांस परिचित आहे. एकाच्या हाती सोंड आली, दुसऱ्याच्या हाती पाय आला, तिसऱ्याच्या हाती कान आला. आणि प्रत्येकाने आपल्या हाती आले तेवढ्यालाच हत्ती म्हटले. कोणाचेही बोलणे सर्वथा खोटे नव्हते. अंशाला पूर्ण मानणे, हाच त्यांचा दोष. ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्या थोर पुरुषांकडे पाहतानाही हाच दोष घडतो.

आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांचेच उदाहरण घ्यावे. केसोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. तसे झाल्यास मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, हे कारण सांगितले. स्मृतिस्थळातील हा प्रसंग पंडिताच्या बाजूने पाहिला, तर त्यात निषेध दिसतो. म्हाताऱ्यांच्या बाजूने पाहिला, तर तीच कृती करुणा ठरते. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर विरहाने व्याकुळ झालेले भटोबास आणि पुढे सर्व मार्गाचा भार वाहणारे भटोबास, हेही एकच होत. यांपैकी एकच रूप जो उरी धरतो, त्याने आचार्य अर्धेच जाणले.

येथे आक्षेप येतो : असे अनेक बाजूंनी पाहिल्याने निष्ठा ढळणार नाही काय?

समाधान असे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. आचार्य कितीही थोर असले, तरी जीवच होत. अनन्यभक्तीचा विषय एक परमेश्वरच. म्हणूनच स्वामींनी भटोबासांना वेळोवेळी कसे शिकविले, कोठे वारिले, हे लीळाचरित्राने झाकून ठेविले नाही. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपुरी हा ग्रंथ सिद्ध केला, तो एकट्याच्या आठवणीवर विसंबून नव्हे. ज्याने जे पाहिले-ऐकिले ते त्याच्याकडून मिळवावे आणि भटोबासांकडून पारखून घ्यावे, अशी त्यांची रीत होती. पुढे ग्रंथाच्या पाठांत भेद आढळले, तेव्हा ते पुसून एकच पाठ उरविला नाही. भिन्न आठवणी ‘वासना’ म्हणून ग्रंथातच जपल्या. पूर्वजांची निष्ठा अशी निर्भय होती.

आज दोन प्रकारचे साधक दिसतात. एक आपल्या गुरूंचे उणे कानी पडताच सांगणाऱ्याशी वैर धरतो. दुसरा तेच उणे पाहून गुरूंचा व त्यांच्यासह धर्माचाही त्याग करतो. वरवर हे परस्परविरोधी वाटतात. पण दोघांचे मूळ एकच. दोघांनीही जीवाच्या ठायी परमेश्वराची पूर्णता कल्पिली होती. एक ती कल्पना राखण्यासाठी झगडतो, दुसरा ती मोडली म्हणून सर्वच टाकून देतो.

म्हणून साधकाने आपल्याला आदरणीय वाटणाऱ्या पुरुषाविषयी तीन जणांस पुसावे : ज्याने त्यांची सेवा केली त्यास, ज्याचे त्यांच्याशी मत जुळले नाही त्यास, आणि त्यांच्या दारी जो दुर्बळ आला त्यास. मिळालेले उणे चघळू नये, गुण विसरू नये. एवढे पाहूनही जो आदर उरतो, तोच टिकतो.

दंडवत प्रणाम.