ब्रेक ठीक होते, रबर गुळगुळीत होतं

भिवंडीत गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त राबतो. मानकोली, अंजूरफाटा, राजनोली नाका, कुठूनही शहरात शिरा. पहिला गिअर, हाफ क्लच, दोन हात पुढे आणि पुन्हा ब्रेक. मुंबईची जकात वाचावी म्हणून हद्दीबाहेर गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं आणि त्यांचे कंटेनर राहिले ते राहिलेच. या रखडण्याचा खर्च डिझेल-पेट्रोलमध्ये सगळेच मोजतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजतं, ते मात्र कुणी मोजत नाही.

प्रस्तुत लेखकानेही मोजलं नव्हतं. गाडी सेकंडहँड, पण इंजिन उत्तम, टायर नवे. जुलैतल्या एका भर पावसाच्या संध्याकाळी वंजारपट्टी नाक्याजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला. ब्रेकवर पाय पडला, पण ओला बूट पेडलच्या उजव्या कडेवरून सटकला. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली, ती टेम्पोच्या फाळक्याला बंपर टेकवूनच. इजा कुणालाही झाली नाही. टेम्पोवाल्याने जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

गॅरेजमध्ये तक्रार सांगितली गेली ती ‘ब्रेक लागत नाहीत’ अशी. मेकॅनिकने ब्रेक ऑइल पाहिलं, चाकं उतरवून पॅड पाहिले. सगळं जागच्या जागी. मग तो दाराशी उकिडवा बसला आणि पेडलवरून अंगठा फिरवत म्हणाला, “साहेब, ब्रेकला काही झालेलं नाही. पाय सटकला तुमचा. हे रबर बघा, नक्षीच उरली नाही.”

पाय सटकून पुन्हा दाबेपर्यंत अर्धा सेकंद जातो असं धरू. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, म्हणजे अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर. लहान गाडीची लांबी चार मीटरच्या आत असते. मुंबई-नाशिक महामार्गावर ताशी ८० चा वेग असेल तर हेच अंतर ११ मीटरचं होतं.

तपासणीला हत्यार लागत नाही. दिवसाउजेडी दार उघडून खाली वाकावं. रबरावरच्या आडव्या रेघा किंवा ठिपके बोटाला लागायला हवेत. ब्रेकची उजवी कड विशेष पाहावी, कारण ॲक्सिलरेटरवरून येणारा पाय तिथेच घासतो. कडांना चिरा, कुठे डोकावणारी लोखंडी पट्टी, हाताने ओढल्यावर जागचं हलणारं रबर, यातलं काहीही दिसलं तरी ते बदलावं. रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर नक्षी शिल्लक असूनही पकड गेलेली असते.

बदलणं सोपं आहे, मात्र घाई नको. नवं रबर आपल्याच मॉडेलचं घ्यावं; बहुतेक लहान गाड्यांना ते दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतं. जुनं एका कोपऱ्यातून सोलून काढावं, पेडलची पट्टी पुसून कोरडी करावी. नवं रबर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवलं की मऊ पडतं. आधी एक बाजू अडकवावी, मग उरलेली कड बोथट स्क्रूड्रायव्हरने पट्टीमागे ढकलत न्यावी. चारही बाजूंची कड मागे नीट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावं. ऑइल किंवा ग्रीस लावून सरकवण्याचा मोह टाळावा. रबर फुगतं आणि पेडल निसरडं होतं. बाजारात चकचकीत ॲल्युमिनियमची पेडल-कव्हर मिळतात. पावसाळी भिवंडीत ओल्या चपलेखाली ती काय कामाची, हे विकणाऱ्यालाच विचारावं.

पायाखालची चटईही त्याच वेळी पाहावी. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची चटई होती. ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि गाडीतल्या चौघांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपल्याकडे जुन्या चटईवर नवी टाकायची पद्धत आहे, तिच्यात धोका तोच.

सेकंडहँड गाडी घेताना तर पेडल पाहावंच. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि रबर सपाट, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नये. उलट जुन्या गाडीत कोरं रबर दिसलं तर ते कधी बदललं, हेही विचारावं.

टेम्पो-ट्रकला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणीला जावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं चालते. मधल्या काळात तिच्या पेडलकडे पाहणं कोणत्याही सरकारी माणसाचं काम नाही. तेव्हा जूनच्या आधीच्या सर्व्हिसिंगला जॉबकार्डवर ‘पेडल रबर’ हे दोन शब्द स्वतः लिहायला लावा.