आईबाबांच्या घरचा टीव्ही, फोन आणि ब्रॉडबँड
ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी, जुन्या मराठी घरांकडून

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली सून किंवा जावई आय.टी.तला असला, की महिन्याभरात घरातल्या ज्येष्ठांचं राउटर, तीन रिमोट आणि बिलांची फाइल त्याच्या गळ्यात पडते. सासू-सासरे इथे येऊन चाळीस-पन्नास वर्षं झालेली, मुलं दुसऱ्या शहरांत, आणि टीव्ही, लँडलाइन, इंटरनेट असं सगळं एकाच कंपनीचं, कित्येक वर्षांपासून. पैसे डायरेक्ट डेबिटने परस्पर जातात, म्हणून पाकीट कुणी उघडत नाही. पुढच्या सूचना हॅरो, वेम्बली, स्लाव आणि मिल्टन कीन्सच्या अशाच घरांतून गोळा केल्या आहेत. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळातही प्रसादाच्या रांगेत हा विषय निघतो, आणि बहुतेकांचा अनुभव एकच असतो: आईबाबा फार वापरतात म्हणून बिल वाढत नाही, ते काही बोलत नाहीत म्हणून वाढतं.

२०१८ साली सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेने स्पर्धा नियामकाकडे रीतसर तक्रार केली होती. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाच ठिकाणी जुन्या, एकनिष्ठ ग्राहकांकडून वर्षाला चार अब्ज पौंड जादा घेतले जातात, असं तिचं म्हणणं होतं. नवा ग्राहक स्वस्त दराने येतो, अठरा किंवा चोवीस महिन्यांनी करार संपतो, दर चढतो, आणि जो काही बोलत नाही तो चढलेला दर भरत राहतो. आपले ज्येष्ठ या दुसऱ्या गटात हमखास असतात. दादरच्या मंडईत दोन रुपयांसाठी पाठ फिरवून निघणारे बाबा इथे कंपनीच्या मुलाशी भाव करायला संकोचतात.

आधी बघा, मग कापा

आल्या आल्या सगळं बंद करायला निघू नका. आठवडाभर नुसतं बघा. आई दुपारी काय लावते, बाबा कुठल्या वाहिन्यांवर थांबतात, लँडलाइन कोण वापरतं, आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही खरंच कुणी बघतं की घर रिकामं वाटू नये म्हणून तो चालू असतो. बहुतेक घरांत शेकडो वाहिन्यांच्या पॅकेजमधून बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर आणि बातम्या एवढंच बघितलं जातं. हे सगळं छपरावरच्या साध्या अँटेनावर फ्रीव्ह्यूने मासिक शुल्काशिवाय दिसतं. भिंतीवर जुनी सॅटेलाइट डिश असेल तर तीच फ्रीसॅटच्या बॉक्सला जोडता येते. एप्रिल २०२४ पासून फ्रीली नावाची सेवाही आली आहे. त्यासाठी तसा नवा टीव्ही किंवा बॉक्स लागतो, पण अँटेना नसला तरी ब्रॉडबँडवरून या वाहिन्या दिसतात.

क्रिकेट हा मात्र खरा अडसर. इंग्लंडमधले कसोटी सामने स्काय स्पोर्ट्सवर असतात आणि त्यासाठी वर्षभर महागडं पॅकेज चालू राहतं. भारताचा संघ काही दर उन्हाळ्यात येत नाही. नाऊ या सेवेवर खेळाच्या वाहिन्या एका दिवसासाठी किंवा महिन्यासाठी घेता येतात. मालिका संपली की बंद. एका सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला, कारण मधल्या काळात जुने सामने बघता येणार नाहीत ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच आहे. एखाद्याचा दिवस त्यावर जात असेल तर ते पॅकेज राहू द्या आणि पैसे दुसरीकडे वाचवा.

मराठी मालिकांसाठी वेगळी डिश किंवा महागडं पॅकेज ठेवायची गरज उरलेली नाही. झी मराठीच्या मालिका झी५वर सापडतात. वर्षाची वर्गणी मुलाने किंवा सुनेने भरावी आणि अॅप टीव्हीवर टाकून द्यावं. दोन गोष्टी मात्र करा: रिमोटवर त्या अॅपपर्यंत पोचायला दोनपेक्षा जास्त बटणं लागू देऊ नका, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद टीव्हीशेजारी चिकटवा. स्वस्त पण न जमणारी सोय म्हणजे आईचा टीव्ही बंद झाल्यासारखंच.

लायसन्सचा घोळ

आपल्या ज्येष्ठांमध्ये एक समज पक्का आहे, की पंचाहत्तरी झाली की टीव्ही लायसन्स फुकट. तसं जुलै २०२०पर्यंत होतं. १ ऑगस्ट २०२० पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्यांनाच फुकट आहे, किंवा ज्यांच्या जोडीदाराला ते मिळतं त्यांना. बाकी सगळ्यांना पूर्ण पैसे भरावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये हा दर वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाला. तो एप्रिलमध्ये बदलतो, तेव्हा चालू आकडा बघून घ्या. दृष्टी गंभीररीत्या अधू असल्याची नोंद असेल तर निम्मी सवलत मिळते, आणि ही सवलत कितीतरी घरांत मागितलेलीच नसते.

कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम प्रक्षेपित होत असताना बघायचा असेल तर लायसन्स लागतं, मग तो टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर की फोनवर. बीबीसी आयप्लेअरवर जुना कार्यक्रम बघायलाही ते लागतं. नेटफ्लिक्सवरचे चित्रपट किंवा यूट्यूबवरची आधीच टाकलेली नाटकं, कीर्तनं बघायला ते लागत नाही. फसगत होते ती मराठी बातम्यांपाशी. एबीपी माझासारखी वाहिनी यूट्यूबवर थेट चालू असते. ती थेट बघणं म्हणजे टीव्ही बघणंच, वाहिनी भारतातली असली तरी. लायसन्स रद्द करण्याआधी बाबांची सकाळ आठवा. पकडले गेल्यास दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. आईबाबा तुमच्याच घरात राहत असतील तर वेगळं लायसन्स नको. ते पत्त्याला असतं.

पेन्शन क्रेडिट, आणि व्हिसा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि सगळ्यात मोठा धोकाही इथेच. पेन्शन क्रेडिट मिळालं की लायसन्सची सवलत पंचाहत्तरीनंतर मिळते आणि ब्रॉडबँडच्या ‘सोशल टॅरिफ’चं दारही उघडतं. अनेक कंपन्या असा सवलतीचा दर ठेवतात. वेग आणि कंपनीप्रमाणे तो बहुतेक महिन्याला १२ ते २५ पौंडांत बसतो. आहे त्याच कंपनीत या दरावर जायचं असेल तर सहसा करार मोडल्याचा दंड लागत नाही. बीटीच्या अशा योजनेत नुसत्या फोनचाही पर्याय आहे. कंपन्या या दरांची जाहिरात फारशी करत नाहीत; नाव घेऊन विचारावं लागतं.

२०२५-२६ मध्ये एकट्या व्यक्तीचं आठवड्याचं उत्पन्न २२७ पौंड १० पेन्सांपेक्षा आणि जोडप्याचं ३४६ पौंड ६० पेन्सांपेक्षा कमी असेल तर अर्ज करायला हरकत नाही. आजारपण किंवा अपंगत्व असेल तर मर्यादा याहून वर जाते. मुलाच्या घरी राहणाऱ्या आईचं उत्पन्न मोजताना मुलाचा पगार धरत नाहीत, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. दहा हजार पौंडांपर्यंतची बचतही धरत नाहीत. भारतातली मिळकत मात्र धरतात. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतली मुदत ठेव, राज्य सरकारचं निवृत्तिवेतन, सगळं सांगावं लागतं. “तिकडचं इकडे कुणाला कळतंय” असं म्हणणारा एखादा काका प्रत्येक मंडळात असतो. त्याचं ऐकू नका.

आता धोका. हे सगळं इथे कायम वास्तव्याचा हक्क असलेल्यांसाठी किंवा नागरिकांसाठी आहे. आईबाबांच्या व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’ घेता येणार नाहीत अशी अट असेल तर पेन्शन क्रेडिटचा अर्ज करू नका. ते त्या यादीत येतं आणि अट मोडल्यास व्हिसाच अडचणीत येतो. अवलंबित पालक म्हणून आलेल्यांची जबाबदारी बोलावणाऱ्याने पाच वर्षं लेखी उचललेली असते, तेव्हा कायम वास्तव्याचा शिक्का असला तरी तो कागद आधी वाचा. सहा महिन्यांसाठी भेटीला आलेल्यांचा प्रश्नच येत नाही.

फोन लावा

सवलतीत बसत नसाल तर घासाघीस. करार संपण्याआधी १० ते ४० दिवसांत कंपनीने कळवायचं, हा ऑफकॉम या नियामकाचा नियम फेब्रुवारी २०२० पासून आहे. आईबाबा ते पत्र जाहिरात समजून रद्दीत टाकतात. ते शोधा. सापडलं नाही तर फोन करून तारीख विचारा, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.

फोन खातेदाराच्याच नावाने करावा लागतो. एकदाच बाबांना शेजारी बसवून कंपनीला सांगा, की यापुढे माझ्याशी बोललेलं चालेल. ते तुमचं नाव खात्यावर घालतात. फोनवर पर्याय विचारले की ‘सोडून जायचं आहे’ हा निवडा, कारण दर कमी करायचे अधिकार त्या विभागाकडे असतात. त्याच पत्त्यावर दुसरी कंपनी काय दराने देते याचा आकडा हाताशी ठेवा. लंडनच्या फ्लॅटमध्ये असाल तर हायपरऑप्टिक, कम्युनिटी फायबर अशा लहान कंपन्यांचे दरही बघा. पहिल्या आकड्याला हो म्हणू नका, “विचार करून सांगते” म्हणून ठेवून द्या. एका वहिनींच्या मते दुसऱ्या दिवशीचा फोन करणं हेच खरं काम, पहिला नुसती ओळखपरेड.

वेगाला भुलू नका. नातवंडांशी व्हिडिओ कॉल, झी५ आणि थोडं यूट्यूब एवढ्यासाठी ३० ते ४० एमबीपीएस पुरून उरतं. शेकडो एमबीपीएसचा दर दोन माणसांच्या घराला उगाच. करार करताना पुढच्या वर्षीची वाढही विचारा: १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत महागाईच्या टक्क्यांवर वाढ बांधता येत नाही, ती पौंड-पेन्सांत आधी सांगावी लागते.

कंपनी बदलायची ठरलीच तर आता सोपं आहे. १२ सप्टेंबर २०२४ पासून फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुनीचं ती बघते. जुनं कनेक्शन स्वतःहून आधी तोडू नका. पुण्या-साताऱ्याच्या नातलगांना पाठ असलेला लँडलाइनचा नंबर त्यात हातचा जातो. तो सोबत न्यायचा आहे हे अर्ज करतानाच सांगा. जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ताही तपासा. बँक, ओसीआय आणि पेन्शन सगळं त्याच ईमेलवर असतं, आणि सोडून गेल्यावर तो काही कंपन्या बंद करतात, काही पैसे घेऊन ठेवतात. ही कामं कनेक्शन बदलण्याच्या महिनाभर आधी उरका. घरून किंवा फोनवर केलेल्या करारातून चौदा दिवसांत मागे फिरता येतं.

लँडलाइन

तांब्याच्या तारांवरची जुनी फोनसेवा जानेवारी २०२७ च्या अखेरीस बंद होते आहे. त्यानंतर लँडलाइन राउटरमधून चालेल, म्हणजे वीज गेली की फोनही गेला. गळ्यात अलार्मचं बटण घालणाऱ्या आईसाठी हा बचतीचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अलार्म कंपनीला विचारून घ्या आणि फोन कंपनीला घरात गरजू व्यक्ती आहे हे कळवा. मग बॅटरीची सोय मागता येते. घरात मोबाइलला सिग्नल नसेल तर हे टाळूच नका.

मोबाइलचं थोडक्यात. फोनसकट बांधलेला करार संपला असेल तर नुसतं सिम घ्या, तीस दिवसांचं. लेबारासारख्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये भारतातल्या कॉलची मिनिटंही असतात, पण व्हॉट्सअॅप असलेल्या घरात त्यांचा उपयोग गावाकडच्या साध्या फोनवाल्या मावशींपुरताच. नंबर घेऊन दुसरीकडे जायचं तर ६५०७५ वर ‘पीएसी’ ही तीन इंग्रजी अक्षरं पाठवा, कोड येतो. ०८०० ने सुरू होणारे नंबर मोबाइलवरूनही फुकट, ०३ चे नेहमीच्या मिनिटांत. ०८४ आणि ०८७ मात्र खिशाला चटका देतात. भेटीला आलेल्या आईबाबांचं भारतीय सिम बंद पडू देऊ नका. रिचार्ज चालू ठेवा आणि निघण्यापूर्वीच रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो न आल्यावर होणारी तारांबळ कुठल्याही बिलापेक्षा महाग पडते.

एवढं केल्यावर आईबाबांना एक गोष्ट बजावून ठेवा. कंपनी बदलण्याच्या दिवसांत “तुमचं इंटरनेट बंद होणार आहे, कार्डाचा नंबर सांगा” असे फोन आले तर खरे वाटतात. असा फोन आला की काही न बोलता ठेवून द्यायचा आणि तुम्हाला कळवायचं. बँकेचं नाव घेऊन कुणी बोललं तर १५९ फिरवायचा. तो थेट त्यांच्या बँकेकडे जोडून देतो. संशयास्पद मेसेज ७७२६ वर पुढे पाठवायचे, त्याला पैसे पडत नाहीत. हे दोन नंबर लँडलाइनशेजारच्या कागदावर आजच लिहून द्या.