परदेशी भाडेकरू ठेवताना

प्रश्न : उस्मानपुऱ्यात आमचा वरचा मजला रिकामा आहे. विद्यापीठात पीएच.डी. करणारा येमेनचा विद्यार्थी सहकुटुंब राहायचं म्हणतोय. द्यावा का?

उत्तर : खुशाल द्या, पण तोंडी व्यवहार नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ही घरमालकाचीच जबाबदारी. ती नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. कराराची मुदत व्हिसाच्या पुढे नेऊ नका; बायको-मुलांचे पासपोर्टही पाहा. सामान उतरलं, की २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवा. एजंट ‘पोलिस व्हेरिफिकेशन झालं’ म्हणेल. ते वेगळं, हे वेगळं. आणि स्वयंपाकात मटण-मासळी चालणार नसेल, तर डिपॉझिट घेण्याआधीच सांगा.