हृदयातील जुनी तार : केव्हा काढावी, कशी काढतात?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व पुढे वाशी, नेरूळ, ऐरोली ही नगरे वसली. नोकरीधंद्यासाठी त्या काळी येथे आलेले तरुण आज आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या छातीत पेसमेकर आहे. त्याची बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागते, हे घरोघरी ठाऊक असते. परंतु हृदयापर्यंत गेलेल्या तारेविषयी फारसे बोलले जात नाही. म्हणून समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

शरीरात बसविलेला जगातील पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. ते २००१ पर्यंत जगले आणि त्या काळात त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. यंत्र असे बदलता येते. तारेचे तसे नाही.

यंत्र छातीच्या वरच्या भागात कातडीखाली असते. तेथून तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते. काही महिन्यांत शरीर तिच्याभोवती व्रणासारखा चिवट थर तयार करते आणि तार शिरेला व हृदयाच्या भिंतीला चिकटते. वर्षे लोटली की हा थर अधिक कठीण होतो. अशी तार नुसती ओढली तर शीर किंवा हृदय फाटण्याची भीती असते. पूर्वी तारेला वजन टांगून ती हळूहळू ओढत असत!

आता विशेष कॅथेटर वापरतात. प्रथम तारेच्या पोकळीत एक बारीक सळई घालून ती आत घट्ट अडकवतात. त्यामुळे तार तुटत नाही. मग तारेवरून एक पोकळ नळी सरकवतात. नळीच्या टोकाचा लेसर किंवा फिरते पाते चिकटलेला थर सोडवत पुढे जाते. शेवटी नळीने हृदयाच्या भिंतीला आधार देऊन टोक सोडवतात. अमेरिकेत लेसर नळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ केंद्रांतील १४४९ रुग्णांची नोंद आहे. त्यांत ९७.७ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला. मात्र या प्रक्रियेमुळे ०.२८ टक्के रुग्ण दगावले. म्हणून हृदय-शस्त्रक्रियेची तयारी असलेल्या, अनुभवी रुग्णालयातच हे काम व्हावे.

प्रत्येक जुनी तार काढावीच लागते असे नाही. बंद पडलेली पण निर्जंतुक तार कधी आतच ठेवतात. जंतुसंसर्ग झाला असेल तर गोष्ट वेगळी. जंतू तारेवर थर करून राहतात. औषधाने ते दबतात, मरत नाहीत. तेव्हा यंत्र व तार दोन्ही काढणे हाच खरा उपाय. संसर्ग आटोक्यात आल्यावर, गरज असल्यास, नवे यंत्र बहुधा दुसऱ्या बाजूला बसवतात.

म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो : यंत्राच्या जागी लाली, सूज, पू दिसला, कातडी पातळ झाली किंवा वारंवार थंडी-ताप येऊ लागला तर हळद, मलम लावत बसू नये. उरलेल्या प्रतिजैविक गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत. आधी रक्ततपासणी व्हावी. त्या जागी सुई घालून पाणी काढू देऊ नये. पेसमेकरचे कार्ड जवळ ठेवून हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. घरातील विद्यार्थ्यांनी ही लक्षणे वडीलधाऱ्यांना समजावून सांगावीत. वेळेवर ओळखलेला संसर्ग बरा होतो. लपविलेला जिवावर बेततो.